खोल पाण्याचा गळ

"उथळ पाण्यात नको, एजे. वर खोल डोह आहे म्हणतात. तिथं बसू."

बुरुलकाननं तंगुसाच्या दोऱ्याला बूच अडकवता अडकवता एमिलबेकच्या बुटांकडे पाहिलं. कोरे करकरीत रबरी बूट, दुकानातली चिठ्ठी अजून चिकटलेली. हात मऊ, कागद चाळणाऱ्याचे. बिश्केकहून पहाटेच्या गाडीनं एकटाच आला होता, आल्यापासून तिला एजे, म्हणजे ताई, अशी हाक मारत होता. ट्राउट मासा धरायचाय म्हणत होता, आणि गळाची काठी उलटी धरून उभा होता.

चोंग-केमिन नदीच्या काठी तिनं पंधरा वर्षं पाहुण्यांना मासेमारीला नेलं होतं. माणसं काय विचारतात ते तिला पाठ होतं. केवढा मिळेल, फोटो कोण काढील. यानं विचारलं ते निराळंच. तिथं कुणाची ये-जा असते का? पाणी किती खोल आहे?

"कुणी बुडालंय कधी?"

"एक माणूस. गेल्या सप्टेंबरात," ती म्हणाली आणि तिनं गाठ आवळली.

असं ऐकल्यावर लोक पाण्याकडे बघतात. यानं तिच्याकडे पाहिलं. हा मासे धरायला आलेला नाही, हे तिनं तिथंच ओळखलं.

मग तिनं वेळ काढायला सुरुवात केली. सप्टेंबरचं पाणी काचेसारखं, माशाला दोरासुद्धा दिसतो, म्हणून तंगूस बारीक हवा, असं सांगत तिनं बारीक तंगूस निवडला. तरंगायला बोटभर बूच, खाली शिशाचा एकच दाणा, आखूड गळ, त्याला गांडूळ. गुडघाभर पाण्यासाठी याहून चांगलं काही नाही, म्हणाली.

"आणि डोहासाठी?"

डोहाला बूच चालत नाही. तिथं जाड तंगूस, टोकाला जड शिसं आणि त्याच्या वीतभर वर गळ. तसे चार तिच्या पेटीत बांधून तयार होते. पण तिनं सांगितलं, नाहीत. त्यानं स्वतःच पेटी उघडली, शिशाचे गोळे हातात तोलून पाहिले.

"एवढे जड?"

"तळाशी टिकायला लागतात."

त्यानं ते आपल्या कोटाच्या खिशात टाकले. तिनं मागितले तर म्हणाला, असू द्या माझ्याकडे.

डोहावर गेल्यावाचून तो ऐकेना, तेव्हा ती गेली, पण त्याला काठापासून चार पावलं आत बसवलं आणि स्वतः लागून बसली. बुचाचा गळ काढून चकाकणारी फिरकी लावली, फिरकी काढून पुन्हा गांडूळ लावलं. एकदा बूच सरळ खाली गेलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. मासा गांडूळ खाऊन निघून गेला.

तिनं रोटी आणि चहा पुढे केला, घरची चौकशी केली. बायको आहे, दोन मुलगे आहेत, एवढंच तो बोलला. मग त्यानंच विचारलं, तुम्हाला कोण?

"मुलगी आहे. चोल्पोन. शहरात नोकरी करते."

"बोलणं होतं?"

"तिच्या मागे तिची कामं. आपण कशाला त्रास द्यायचा?"

तो गवताची काडी मोडत राहिला. काडी टाकून म्हणाला, "एजे, पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन यायचं म्हटलं, तर न्याल आम्हाला?"

"पुढच्या वर्षाचं मी कुणाचंच घेतलेलं नाही," ती सवयीनं बोलून गेली.

त्याचा चेहरा उतरला. तिनं जीभ चावली. बिचारा बुडता बुडता काडी धरू पाहत होता आणि आपण ती हातातून काढून घेतली! चूक सुधारायची म्हणून तिनं पेटीच त्याच्यापुढे सरकवली. गळ, बुचं, फिरक्या, सगळं.

"ही घेऊन जा. मुलांना शिकवा. गाठ कशी मारायची ते दाखवते, अवघड नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला आता काय करायचीय?"

तो पांढराफटक पडला. पेटीला त्यानं हातही लावला नाही. आता याला एकट्याला सोडायचं नाही, संध्याकाळच्या गाडीत बसवायचं आणि गाडी सुटेपर्यंत हलायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात गळ पाण्यातल्या खडकात अडकला. सोडवायला म्हणून ती उठली आणि काठाकडे निघाली. दोन पावलं टाकते न टाकते तोच एमिलबेक धडपडत तिच्या पुढे पळाला, थेट काठाच्या ओल्या दगडावर. मागे काळं पाणी, नव्या बुटांचे तळ घसरत होते.

बुरुलकाननं झडप घालून त्याच्या कोटाच्या दोन्ही बाह्या धरल्या. धरलेले हात तिनं सोडले नाहीत.

"ऐक माझं," ती म्हणाली. आता अहो-जाहो राहिलं नव्हतं. "काय झालंय ते मला सांगू नकोस. पण हे करू नकोस. माझ्या नवऱ्याला याच डोहातून वर काढलंय. काठावर मागे राहिलेल्याचं काय होतं, ते मला विचार. घरी तुझी वाट बघणारं माणूस आहे. त्याच्यासाठी आजचा एक दिवस काढ. मग उद्याचा."

त्यानं तिची मनगटं घट्ट पकडली. पाण्याकडे पाठ करून तो तसाच उभा राहिला, तिला एक पाऊलही पुढे येऊ न देता. त्याचे डोळे भरून आले होते.

"हेच, एजे," तो म्हणाला. "अगदी हेच, याच डोहावर, तुम्हाला कसं सांगावं, ते मी सकाळपासून जुळवतोय. चोल्पोननं पाठवलंय मला."