तळाची माती

बारवेच्या पायऱ्यांवरचे हसणे थांबले आणि सर्वांचे डोळे माझ्या उघड्या मुठीवर खिळले.

इंझोरीजवळची ही बारव म्हणजे नवशिक्यांची लाडकी शाळा. बहात्तरच्या दुष्काळातही ती आटली नव्हती. पाठीवर सुका भोपळा बांधून येथे पोहायला शिकायचे, आणि अखेरच्या दिवशी तो सोडून, तळापर्यंत बुडी मारून मूठभर गाळ वर आणायचा. गाळ पाहिला, की आम्हाला पोहायला शिकवणारे दौलतसिंगकाका तो भोपळा पायरीवर फोडत. बी.ए. होऊनही माझा भोपळा दोन उन्हाळे शाबूत होता.

"देवेंद्रभाऊ, आज गाळ नाही आनला, त वरातीतबी भोपळा बांधूनच जाजो," पायरीवर बसलेला माझा मित्र बाबूलाल म्हणाला होता. सगळे खदखदून हसले होते, मीही.

मग मी बुडी मारली. हिरव्या, गार अंधारात हाताला तळ लागला. मूठ आवळली आणि श्वास संपण्याआधी वर आलो.

मुठीत मातीच होती. पण कोरडी, उन्हात तापलेल्या शेतासारखी कोमट. तिच्यातून एक मुंगी निघाली आणि निवांतपणे माझ्या ओल्या मनगटावर चढली.

"काका, तळ गाठला ना मी?" मी आनंदाने विचारले. "आता फोडा भोपळा."

दौलतसिंगकाकांनी माती बोटांत चुरली. ती वाऱ्यावर उडाली. चाळीस वर्षे याच पाण्यात पोहलेल्या काकांनी माझा भोपळा उचलला, नवशिक्यासारखा स्वतःच्या पाठीला घट्ट बांधला, आणि ते पायऱ्या चढून निघून गेले.