जाहिरात लागलीय

बाहेरच्या खोलीतला टीव्ही पुन्हा गप्प झाला. पोरीचं डोकंच फिरलं. कालही असंच झालं होतं. तेव्हा तिने आतूनच ओरडून पुन्हा चालू करायला लावलं होतं.

नवा टीव्ही तिनेच लावून दिलेला. हवं ते, हवं तेव्हा. जाहिराती बंद. जाहिरातींवर तिचा भयंकर राग. त्या लागल्या की बाबा आणि आजोबा कचाकचा बोलायला लागायचे, आणि आत तिला मोबाइलवर काही धड बघता यायचं नाही. आजोबांचा कायदाच होता, मालिका चालू असताना तोंड उघडायचं नाही. मग घरातलं सगळं जाहिरातीत. गळका नळ, संपलेला सिलिंडर. आत्याचं लग्नसुद्धा एका साबणाच्या जाहिरातीत ठरलेलं.

आता एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. दोघं तोंडं शिवून बसायचे. घर कसं चिडीचूप. पोरगी खूश.

पण हे मधेच अडकणं! इयरफोन लोंबकळवत ती तरातरा बाहेर आली. पडद्यावर नायिका तोंड वासून थिजली होती.

"नेट गेलं की भलतंच बटण दाबलंत? द्या तो रिमोट!"

बाबांनी रिमोट मांडीखाली सरकवला. "काही गेलं नाही. मीच थांबवलंय. जाहिरात लागलीय."

"कुठाय जाहिरात?"

"बस खाली. आजोबा काहीतरी सांगतायत."

आजोबा स्वतःच्या पायाकडे बघत होते. "विशेष नाही रे. जिना उतरताना डावा पाय लटपटतो. परवा पडता पडता वाचलो."

"आणि हे आत्ता सांगताय?" बाबा म्हणाले.

"कालच सांगणार होतो. तेवढ्यात आतून हुकूम आला."

बाबा हसले. पोरगी नाही हसली. खाली जाऊन दूध आणायचं काम तिचं होतं. मोबाइलमधून डोकं न काढता ती ते रोज आजोबांवर ढकलत होती.

ती त्यांच्या पायाशी जाऊन बसली. सकाळी डॉक्टरकडे जायचं ठरलं. सोबत कोण, यावरून भांडण झालं. तीच जिंकली. मग आजोबांनी आत्याच्या लग्नातली फजिती काढली, बाबांनी त्यांना खोटं पाडलं, आणि पोरगी हसून हसून लोळली.

"चला, लावू या पुढचं," म्हणत बाबांनी मांडीखाली हात घातला. रिमोट नव्हता.

पोरीने तो पाठीमागे घट्ट धरला होता.

"थांबा ना बाबा. जाहिरात कुठे संपलीय अजून?"