घड्याळजीची साक्ष

"वय किती तुमचं?" बचावाच्या वकिलाने विचारलं.

"एकोणसाठ."

"चष्मा?"

"वाचायला लागतो."

घड्याळजी इतक्या हळू बोलत होता की न्यायाधीशांनी त्याला दोनदा आवाज चढवायला सांगितलं. मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला वाटलं, एकदाचं हे उरकावं आणि घरी जावं. तो यायलाच तयार नव्हता. समन्स हातात पडल्यापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. शेवटी सकाळी हवालदार दारात येऊन उभा राहिला, तेव्हा कुठे त्याने पायात चपला घातल्या.

त्याच्या दुकानासमोरच्या कापडवाल्याचा भरदुपारी खून झाला होता. आतून पळत सुटलेल्या माणसाला रस्त्यापलीकडून पाहणारा हा एकटाच. आरोपी कापडवाल्याने कामावरून काढलेला नोकर. सरकारी वकिलाने "हाच का तो?" असं विचारलं, तेव्हा घड्याळजी म्हणाला होता, "तसाच वाटतो. अंगकाठी तशीच होती."

"दिवसभर घड्याळात डोकं घालून बसता," बचावाचा वकील आता म्हणाला. "रस्त्यावरचं दिसतं तरी का तुम्हाला?"

"दिसतं की."

"गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचंच घड्याळ बांधून दिलंत. खरं ना?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बायकोने मान खाली घातली. त्या घड्याळापायी तो आठवडाभर दुकान उघडायला धजला नव्हता. मुलगा तेव्हाच म्हणाला होता, बाबा, आता पुरे करा.

घड्याळजीने कठडा घट्ट धरला. "दिलं. चूक झाली माझी," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. "पण ही चूक नाही. मी त्याचा चेहरा पाहिला. हाच होता तो."

बायको गारठली. खून झाला त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो म्हणाला होता, "मान वर केली तेव्हा भिंग डोळ्यालाच होतं गं. नुसता पांढरा शर्ट पळाला."

वकिलाने अंतर विचारलं. ऊन कुठल्या बाजूला होतं, मध्ये गाडी आडवी आली का, शर्टाचा रंग कोणता, सगळं खोदून खोदून विचारलं. प्रत्येक उत्तराबरोबर घड्याळजी आणखी ताठ होत गेला. भिंगाचं वकिलाच्या डोक्यातही आलं नाही. तो कागद आवरून खाली बसला.

आरोपी तिच्या मुलाच्या वयाचा होता. तो घड्याळजीकडे एकटक बघत होता. रागाने नाही. काका अजून काहीतरी बोलतील, अशी वाट बघत असल्यासारखा.

ती अर्धवट उठली. दारातल्या शिपायाने हातानेच बसायची खूण केली. ती बसली.

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकिलाने घड्याळजीच्या पाठीवर हात ठेवला. "काका, साक्ष द्यावी तर अशी."

घड्याळजी जिन्याकडे चालू लागला, मान वर करून. असं चालताना तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. अर्ध्या जिन्यात तिने त्याची बाही धरली.

"अहो, भिंग होतं ना डोळ्याला?"

तो थांबला. खालून वर येणाऱ्या दोघांना त्याने वाट करून दिली.

"होतं."

"मग परत वर जाऊ. सांगू त्यांना."

"काय सांगू?"

"तुम्हाला शर्ट दिसला होता. तेवढंच सांगा."

तो चिडला नाही. तिथेच उभा राहून त्याने डोळे मिटले आणि ती दुपार आठवायचा खरोखरच प्रयत्न केला. बराच वेळ केला. मग डोळे उघडून त्याने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"नुसता शर्ट आता येतच नाही गं समोर," तो म्हणाला. "त्या पोराचा चेहराच येतो."