समता विभागातला व्हॉलीबॉल

"बाई, ह्यात समता कुठं हाय?" किशनराव सोनकांबळ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्मरणिकेचं कच्चं पान टेबलावर ठेवलं.

सौदामिनीबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. लातूरच्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची ही सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, आणि त्या तिच्या संपादक. 'समता विभाग' हा त्यांचाच हट्ट. समितीशी तीन बैठका भांडून त्यांनी त्यासाठी सोळा पानं मिळवली होती, आणि खरं सांगायचं तर आज त्या चार कौतुकाचे शब्द ऐकायच्या तयारीनं बसल्या होत्या.

"मी व्हॉलीबॉलवर लिहिलं," किशनराव म्हणाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत आवाजाचे अभियंते. "अहमदपूरच्या टीमला कसं लोळवलं ते. खेळाची पानं पुढं हायत की. मग मी मागं, जाहिरातींच्या तोंडाशी, कसा काय गेलो?"

शेजारी माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष भीमाशंकरअप्पा चहा पीत होते. त्या टीमचे कप्तान तेच. "लई मारायचा हा," ते खुशीत म्हणाले. "ह्यानं उडी घेतली की समोरचे बॉल सोडून बाजूला व्हायचे."

सौदामिनीबाईंनी अनुक्रमणिका उघडली. समता विभागात 'गणिताचे गुरुजी', 'कॅन्टीनची भजी', 'बँकेतली पहिली नोकरी', 'आमचा व्हॉलीबॉल'. पुढे लेखकांची नावं : वाघमारे, सरवदे, कांबळे, सोनकांबळे. लेख त्यांनी नीट वाचले होते, ऱ्हस्वदीर्घही तपासले होते. लावले मात्र आडनावं बघून. त्यांचे कान तापले. इतकी लाज त्यांना कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

"चुकलं, सर. सगळे लेख आपापल्या जागी नेते. तो विभागच काढून टाकते."

"काढू नका. विभाग पाहिजेच." किशनरावांनी चष्मा खाली घेतला. "होस्टेलच्या मेसमधी आमची पंगत बाहेर ओट्यावर बसायची. तीन वर्षं. मॅच जिंकली त्या दिवशीबी. ते यायला पाहिजे अंकात."

"मग तुम्हीच लिहा ना."

"मी काय लिहू? मला ओटा तेवढा माहीत. आत बसून जेवताना कसं वाटायचं, ते आत बसणाऱ्यांनी लिहावं." त्यांनी मान वळवली. "काय कप्तान?"

अप्पांचा कप हातातच राहिला. त्यांनी एकदा किशनरावांकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग घसा खाकरला.

"लेख द्यायची तारीख तर होऊन गेली ना, बाई?"

"वाढवली," सौदामिनीबाई म्हणाल्या, आणि कोरे कागद त्यांच्यापुढे सरकवले.