पातळ सरस

बापूने सुरीचं पातं गरम पाण्यातून काढून पुसलं आणि बाबांच्या व्हायोलिनच्या कडेला टेकवलं. 

"वेड लागलंय का तुला?" दारातूनच अक्का म्हणाली. "बाबांच्या हातचं एवढं एकच उरलंय."

"तेच तर. एवढं एकच वाजतं."

त्यात खोटं काही नव्हतं. बाबांमागे बापूही उभा जन्म व्हायोलिनंच बनवत आला होता. बाबांचंच माप, तेच लाकूड, तेच पॉलिश. दिसायला अगदी जुळी भावंडं, पण वाजवलं की गळा आवळल्यासारखा आवाज. सकाळीच एक वादक नवं व्हायोलिन परत ठेवून गेला होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"फुटलं तर?" अक्काने विचारलं. ते व्हायोलिन पुसायचा मान तिचा. दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही.

"फुटलं तर दुकान बंद करीन. पण आत काय केलंय ते न बघता मरायचं नाही मला."

सुरी सांध्यात शिरली. कट्कन आवाज झाला. अक्काने डोळे मिटून घेतले. वरची फळी मात्र डब्याचं झाकण निघावं तशी अलगद सुटून आली.

बापू बघतच राहिला. फळीला आतून चिकटवलेली आवाजाची पट्टी पुन्हापुन्हा उपटून सरकवल्याचे व्रण होते. फळी जागोजागी खरवडलेली. एके ठिकाणी जरा जास्तच, म्हणून तिथे ठिगळ. कडांवर सुरीच्या जुन्या खाचाच खाचा.

"उंदरांनी कुरतडलंय?" अक्काने घाबरत विचारलं.

"बाबांनी. किती वेळा उघडलंय त्यांनी हे. बिघडवलंय, आवाज लागेपर्यंत परत जुळवलंय." त्याने कडेचा सरस नखाने उकरला. पापुद्रा निघाला. "म्हणून पातळ लावायचे. मला वाटायचं, म्हातारा काटकसर करतो."

"आणि तू?"

"मी घट्ट लावतो. कधी उकलायला नको म्हणून."

तो खाली बसला. भिंतीवर त्याची व्हायोलिनं ओळीने टांगलेली होती. त्यांतला एकही सांधा सुरीला दाद देणार नव्हता. बापूला रडू फुटलं. अक्का शेजारी येऊन बसली.

बऱ्याच वेळाने तो उठला. त्यातल्या त्यात देखणं व्हायोलिन त्याने खाली उतरवलं, तारा सोडवल्या आणि ते टेबलावर आडवं ठेवलं.

"अक्का," तो म्हणाला, "करवत दे."