डोंगराच्या बाजूला

घाटातल्या ओल्या लाल मातीवर गाडी घसरली आणि दरीकडं निघाली. दिगंबररावांनी स्टिअरिंग गच्च धरलं. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, चाकांतून खडखड आली आणि गाडी डोंगराच्या कडेला येऊन थांबली.

शेजारी त्यांची लेक तनुजा बसली होती. आई गेल्यापासून वडील धड जेवत नव्हते. "आता मी कशाला मागे राहिलोय?" एवढंच म्हणायचे. म्हणून ती त्यांना आपल्या घरी घेऊन चालली होती. हट्टानं गाडी मात्र तेच चालवत होते.

"गाडीनंच वाचवलं गं," ते म्हणाले. "तो दिवा लागला बघ."

"गाडीला दरी काय कळतेय, बाबा! तुम्ही स्टिअरिंग जिकडं वळवाल तिकडं न्यायला ती एकेका चाकाला ब्रेक लावते, एवढंच. तुम्ही दरीकडं वळवलं असतंत, तर तिकडंच गेलो असतो."

दिगंबररावांनी स्टिअरिंगवरच्या हातांकडं पाहिलं. ते अजून डोंगराकडं वळलेले होते. बायकोवाचून जगायचं त्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

ती गेल्यापासून पहिल्यांदाच ते रडले. मग नाक पुसत म्हणाले, "पुढं टपरी दिसली की सांग. भूक लागलीय."