उरलेलं एक कनेक्शन

पुन्हा एकच उरलं.

दीपमालानं डोळे चोळून आकडा परत वाचला. चाचणीत हजार कनेक्शन उघडली, हजार बंद केली, आणि यादीत एक तसंच. दुरुस्तीच्या आधी चारशे-साडेचारशे लटकून राहायची, तेव्हा निदान चूक कुठं आहे ते तरी दिसत होतं. हे एक कुठून येतं, तेच कळत नव्हतं.

सॉफ्टवेअर तसं साधं होतं. कारखान्यातल्या यंत्रांची माहिती या बाजूनं घ्यायची आणि त्या बाजूला ऑफिसात पोचवायची. मधल्या निरोप्याचं काम. एकानं बोलणं संपवलं की दुसऱ्याला तसं सांगायचं आणि दोन्हीकडचं कनेक्शन बंद करायचं. पण हा निरोप्या सांगायलाच विसरायचा. मेलेली कनेक्शन साचत जायची आणि संध्याकाळपर्यंत सर्व्हर आडवा व्हायचा. ही खोड काढायला चिकलठाण्यातल्या या छोट्या कंपनीनं दीपमालाला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं.

शुक्रवारी सहा महिने भरत होते आणि आज बुधवार होता. तोवर काम झालं तर नोकरी पक्की, नाही तर गावी, पाचोडला परत, असं तिनं मनाशी धरलं होतं. पाचोडचं तिला वावडं नव्हतं. पण तिच्या आईचं, चतुराबाईंचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं आणि ते इथंच, शहरात व्हायचं. नोकरी पक्की झाली की आईच्या उपचारांचा विमा कंपनी काढणार होती. त्या एका आकड्यापायी तिची झोप उडाली होती.

"सर, हे बघा की. परत एक."

शेजारच्या टेबलावरून कमरोद्दीनसर उठून आले. हे सॉफ्टवेअर बारा वर्षांपूर्वी मुळात त्यांनीच लिहिलेलं. त्यांनी पडद्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

"होतं असं कधी कधी."

"पण का होतं? तीन आठवडे झाले, सगळ्या ओळी तपासल्या. मला तर काय बी कळंना झालंय."

"परत तपास."

"तुम्हीच लिहिलंय ना सर हे? तुम्हीच बघा की एकदा."

"जल्दी कायको, बेटा? शुक्रवारी संध्याकाळी बसू दोघं. तोवर मालकाला काही लिहू नको."

"शुक्रवारी संध्याकाळी बसून काय उपयोग?"

सर आपल्या टेबलाकडं वळले. "अम्मा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"चार वाजता न्यायचंय डायलिसिसला."

"मग तीनलाच निघ. मी हाय इथं."

या माणसाचा तिला थांग लागत नव्हता. पहिले चार महिने त्यांनी तिला एकेक ओळ हाताला धरून शिकवली. आणि काम हातातोंडाशी आलं तसे ते थंड पडले. पुण्याहून मालकांचा, म्हणजे प्रणयसरांचा, फोन आला की हेच उचलायचे, "अजून एक राहतंय" म्हणून सांगायचे, आणि फोन तिच्या हातात कधी द्यायचे नाहीत.

सव्वा वाजता वीज गेली. कमरोद्दीनसर नमाजाला गेले होते, बाकीचे डबे घेऊन जिन्यात बसले. सर्व्हर इन्व्हर्टरवर होता आणि दीपमालाच्या लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. चाळा म्हणून तिनं चाचणी पुन्हा चालवली.

शून्य.

तिनं आणखी तीनदा चालवली. तिन्ही वेळा शून्य. आनंद व्हायचा सोडून तिला भीतीच वाटली, कारण सकाळपासून तिनं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

वीज आली. एकेक जण हात पुसत येऊन आपापला कॉम्प्युटर सुरू करू लागला. दीपमाला आकड्यावरून नजर न काढता बसून राहिली. शून्यच. मग कमरोद्दीनसर आले. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, दोन-चार कळा दाबल्या, आणि तिच्या पडद्यावर एक आलं.

ज्यांना ती गुरू मानत होती, तेच पाय ओढत होते. बारा वर्षं त्यांना न सापडलेली चूक पाचोडच्या पोरीनं सहा महिन्यांत काढली, हे त्यांना खुपलं असणार, दुसरं काय? समोर जाऊन विचारायला मात्र तिची जीभ रेटेना. ज्यानं शिकवलं त्याला तोंडावर चोर कसं म्हणायचं?

तिनं सरळ प्रणयसरांना मेल लिहिली. दुरुस्ती पूर्ण झाली आहे. उरलेलं एक कनेक्शन सॉफ्टवेअरमधलं नव्हतं, ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवरून ते उघडं ठेवलं जात होतं. चाचणीचे आकडे सोबत जोडले आहेत. नाव तिनं घातलं नाही. पाठवून झाल्यावर मात्र तिला राहवेना, आणि ती सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सर, ते कनेक्शन तुमच्या मशीनवरून येतंय."

सर दचकले नाहीत. "व्हय," ते म्हणाले.

"का पण? मी तुमचं काय वाईट केलं?"

"मालकाला लिहिलं का?"

"आत्ताच पाठवलं. तुमचं नाव नाय घातलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाव घातलं असतं तरी चाललं असतं, बेटा," ते म्हणाले. "दोन दिवस थांबायचं होतं."

तिला काहीच उमगलं नाही. तेवढ्यात हातातला फोन वाजला. पुण्याहून उत्तर आलं होतं, ते तिनं उभ्या उभ्याच वाचलं.

'अभिनंदन. कमरोद्दीनसर तर हे काम शुक्रवारच्या आत होणं शक्य नाही म्हणून सांगत होते. करारातल्या अटीप्रमाणे सहा महिने पूर्ण भरले तरच कायम करावं लागतं; त्याआधी काम पूर्ण झालं की करार तिथंच संपतो, त्यामुळे आपल्याला कायम करण्याचा प्रश्न आता उरत नाही. उद्यापासून येऊ नये.'